कार्ल्याची जोडपी आणि शेजारचा बुद्ध: एकाच भिंतीवर दोन देह

मावळवाट

गेल्या रविवारी आईला घेऊन एकवीरेला गेले होते. दर्शन झालं, ओटी भरून झाली आणि गर्दी जरा ओसरल्यावर शेजारच्या लेण्यात शिरलो. मी आधी पाच-सहा वेळा तरी गेले असेन. दर वेळी तडक चैत्यगृहात, म्हणजे आतल्या स्तूपाच्या दालनात जायचं, छताच्या लाकडी फासळ्या बघायच्या आणि परत फिरायचं. या वेळी आईचे गुडघे बोलायला लागले होते म्हणून ओसरीतच थांबलो. ती भिंतीवरच्या जोडप्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "खात्यापित्या घरच्या आहेत हो या बायका."

तिच्या त्या वाक्यानंतर मी पहिल्यांदा ती जोडपी नीट पाहिली. पुरुषाचे खांदे दाराएवढे रुंद, डोक्याला भरदार पागोटं. बाईच्या पायात जाडजूड वाळे, कमरेला कित्येक पदरी मेखला, मांड्या भरलेल्या, पाय जमिनीत रुतल्यासारखे घट्ट. दोघांच्या चेहऱ्यावर आपल्या शरीराबद्दल जराही संकोच नाही. आणि त्यांच्या मधल्या जागेत, त्याच दगडात, नंतर कोरलेले बुद्ध. अंगावर एक दागिना नाही, खांदे उतरते, अंग नितळ, कुठे हाड दिसत नाही की स्नायू दिसत नाही. जोडपी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासची, बुद्ध पाचव्या-सहाव्या शतकातले. मधे चारेकशे वर्षं.

माझा प्रश्न असा: या चारशे वर्षांत माणसाचं शरीर तर बदललं नसणार. मग 'सुंदर शरीर' म्हणजे काय याचं उत्तर एवढं कसं बदललं? जाणकारांनी लिहा, आणि ज्यांनी नुसतं पाहिलंय त्यांनीही लिहा.

कातळवेडा

मस्त धागा! अगदी हेच कान्हेरीला ३ नंबरच्या लेण्यात दिसतं. दर्शनी भिंतीवर दात्यांची दणकट जोडपी आणि ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध. जोडप्यांसमोर उभं राहिलं की ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटतं, आणि बुद्धासमोर मान आपोआप वर जाते.

शाडूमाती

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात वाढलो, आता स्वतःचा छोटा कारखाना आहे. लेण्यांतलं मला फार कळत नाही, पण शरीराचा आदर्श बदलतो म्हणजे काय होतं ते दर वर्षी आषाढात बघतो. वडिलांच्या वेळी गिऱ्हाईक यायचं ते म्हणायचं, "पोट छान आलं पाहिजे." लंबोदर आहे तो, पोटावर हात ठेवून प्रसन्न बसलेला हवा. आता मोबाईलवर चित्र घेऊन येतात. छाती रुंद, दंडाला बेटकुळ्या, पोटाला वळ्यांच्या जागी चौकोन. मागच्या वर्षी एका मंडळाच्या पोरांनी सरळ सांगितलं, "पोट काढून टाका."

मी केली तशी मूर्ती, कारण धंदा आहे. पण सोंड खाली येते ती पोटावर विसावायला. पोटच काढलं की सोंड अधांतरी लोंबते. शेवटी सोंड वळवून खांद्याकडे न्यावी लागली. वडील असते तर त्यांनी साचाच फोडला असता.

आमच्याकडे माप तोंडाचं धरतात. हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत एक ताल, आणि तशी किती तोंडं उंचीला बसतात त्यावर मूर्तीची जात ठरते. मोठ्या देवांना नऊ-दहा ताल, गणपतीला पाच. पाच तालांत मूळ आकारच बाळाचा येतो, डोकं मोठं आणि अंग गोंडस. त्यात पैलवान बसवायला गेलं की काहीतरी चुकतंय हे न शिकलेल्या डोळ्यालाही कळतं.

मावळवाट

@शाडूमाती, काय सुंदर प्रतिसाद! सोंड पोटावर विसावते हे इतकी वर्षं गणपती बसवूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

निवांत

मला वाटतं आपण उगाच फार खोल शिरतोय. कारण साधं आहे, दगड. सह्याद्रीचा काळा फत्तर इतका कठीण की त्यात बारीक काम होणार कसं? म्हणून कार्ल्याची माणसं जाडीभरडी. उत्तरेत मऊ वालुकाश्म, तिथे नाजूक देह. आदर्श वगैरे नंतर आपण चिकटवतो.

टाकीचे घाव

@निवांत, सहमत नाही. आमच्या घरात पाटे-वरवंटे आणि जाती घडवायचा धंदा होता. आजोबा गावोगाव पाट्यांना टाकी लावत फिरायचे. हा दगड कठीण आहे हे खरं, पण काय काढायचं हे माणूस ठरवतो, दगड नाही. घारापुरीला जाऊन बघा, तोच काळा फत्तर. तिथल्या अर्धनारीश्वराची एक बाजू पुरुषाची, छाती सपाट, कंबर सरळ. दुसरी बाजू स्त्रीची, कमरेपासून नितंबाचा बाक असा सुटतो की वरून पाणी सोडलं तर न अडता खाली वाहत जाईल. दोन वेगळे देह एकाच दगडात, एकाच मूर्तीत. तिथेच सदाशिवाची तीन मुखं आहेत. आपल्या डावीकडचं उग्र आणि मिशीवालं, उजवीकडचं कमळ घेतलेलं आणि ओठांशी मृदू. दगड आडवा येत असता तर हे झालंच नसतं.

आणि कार्ल्याच्याच भिंतीवर जोडपीही आहेत आणि बुद्धही आहे. भिंत एक, दगड एक. मग फरक कुठून आला?

निवांत

मान्य. एका भिंतीचा मुद्दा बिनतोड आहे.

तुंदिलतनू

पोटाचा विषय निघालाच आहे तर आमच्या बाजूने बोलायला कोणी तरी हवं. मथुरेच्या संग्रहालयात परखम गावचा यक्ष, म्हणजे धनधान्य राखणारा लोकदेव आहे, अडीच मीटरहून उंच, इसवी सनापूर्वीचा. छाती पुढे, पोट त्याच्याही पुढे, कमरेचा पट्टा पोटाखालून बांधलेला. हा देव आहे बरं का, लोकांनी पुजलेला! ज्या काळात दोन वेळचं पोटभर मिळणं हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात पोट हे ऐश्वर्य होतं. कुबेर काय उगाच पोटाचा आहे?

आपल्या पितळखोऱ्याचा बुटका यक्षही तसाच. डोक्यावर पात्र धरलंय, पोट सुटलंय आणि तोंडभर हसतोय. आता तो दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर लेख कोरलाय की कान्हदास नावाच्या सोनाराने हा घडवला. दगडातला यक्ष आणि घडवणारा सोनार! मला ही गोष्ट मोठी वाटते. लग्नातल्या बायकांसाठी वाळे घडवणारा माणूस दगडातलं शरीर कसं बघेल? दागिना कुठे बसतो, कुठे रुततो, कुठे मांस थोडं वर येतं, हे त्याच्या बोटांना माहीत असणार. कार्ल्याच्या बायकांच्या पायातले वाळे एवढे खरे का वाटतात, त्याचा धागा मला इथे सापडतो.

रानजाई

इथे सगळे 'आदर्श शरीर' म्हणताहेत, पण आदर्श कोणाचा? मापं लिहिणारे पुरुष, कोरणारे पुरुष. सहाव्या शतकातल्या वराहमिहिर या ज्योतिषाच्या बृहत्संहितेत पाच प्रकारच्या उत्तम पुरुषांच्या उंचीची मापं आहेत. हंस ९६ अंगुळं, शश ९९, रुचक १०२, भद्र १०५, मालव्य १०८. पुरुषांच्या अशा पाच जाती, आणि बाईला एकच सिंहकटी, सिंहासारखी बारीक कंबर. आजही दुकानाच्या काचेमागच्या पुतळ्याची कंबर आणि माझी कंबर यांचा काही संबंध नसतो. मला तरी देवळांच्या भिंतींवरच्या त्या सुरसुंदऱ्यांसमोर उभं राहिलं की आपलं मोजमाप होतंय असं वाटतं.

मावळवाट

@रानजाई, तुमचं म्हणणं पटतं, आणि म्हणूनच आईचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. त्या बायकांकडे बघून तिला आपलं मोजमाप होतंय असं वाटलं नाही. तिला त्या आपल्या वाटल्या.

जुनी पोथी

@रानजाई, मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यात थोडी भर घालतो.

एक, मापं कधीच एकमताची नव्हती. वराहमिहिराचा हंस ९६ अंगुळांचा, सर्वांत बुटका. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, तोच हंस १०८ अंगुळांचा, सर्वांत उंच. म्हणजे शास्त्र लिहिणाऱ्यांतही 'उत्तम पुरुष कोणता' यावर वाद होता. आपण शास्त्र म्हटलं की दगडावरची रेघ समजतो, तसं नव्हतं.

दोन, स्त्रीदेहाचा आदर्शही एकच नव्हता. पाटण्याजवळ दीदारगंजला १९१७ मध्ये गंगेकाठी सापडलेली, हातात चवरी धरलेली चामरधारिणी यक्षी बघा. चुनारचा दगड, आरशासारखी झिलई. तिच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, कोणी मौर्यकाळ म्हणतं, कोणी त्यानंतर तीन-चारशे वर्षांनी. पण तिच्या पोटावर कातडीच्या वळ्या आहेत. घडवणाऱ्याने त्या लपवल्या नाहीत, प्रेमाने कोरल्या. ज्याला आपण आज 'टायर' म्हणून हिणवतो, त्याच्या नाजूक रूपाला संस्कृत कवी त्रिवली म्हणत आणि तिच्यावर श्लोक लिहीत.

तीन, घडवणारे पुरुष असतील, पण दान देणाऱ्यांत बायकाही होत्या, भिक्षुणीही होत्या. आणि कार्ल्यात तर भदसम नावाच्या भिक्षूने मिथुनाचं दान दिल्याचा लेख आहे. संसार सोडलेल्या माणसाने जोडपं कोरून घेतलं! त्याला ते शरीर पाप वाटलं नसणार, मंगल वाटलं असणार. चैत्यात शिरताना आधी भरल्या घराचं दर्शन व्हावं, आपल्याकडे दाराला तोरण असतं तसं.

रानजाई

त्रिवली हा शब्द मी आता आरशासमोर वापरणार आहे. आणि भदसमाबद्दल मनापासून आभार. हे माहीत नव्हतं.

पोहेकांदा

धाग्याशी संबंध नाही, पण एकवीरेहून उतरल्यावर पायथ्याशी ऊन ऊन भजी आणि चहा घेतला की नाही?

मावळवाट

घेतला! आईने दोन प्लेट संपवल्या. यक्षी परंपरा चालू आहे.

मंदश्वास

मूळ प्रश्नाकडे येतो. मी बरीच वर्षं योगवर्ग घेतो, त्यामुळे माझं बघणं त्या बाजूचं. सारनाथच्या संग्रहालयात दोन मूर्ती आहेत. एक बल नावाच्या भिक्षूने कुषाण राजा कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी दान दिलेला बोधिसत्त्व, मथुरेच्या लाल दगडातला. पाय फाकून उभा, छाती रुंद, यक्षाचाच भाऊ. दुसरी पाचव्या शतकातली, चुनारच्या फिकट दगडातली, धर्मचक्र मुद्रेत बसलेल्या बुद्धाची. हिच्या अंगावर वस्त्र आहे हे फक्त गळ्याशी आणि मनगटाशी दिसणाऱ्या काठावरून कळतं. चुणी एकही नाही.

लोक म्हणतात, आपल्या शिल्पकारांना स्नायू कळत नव्हते. मला वाटतं त्यांना ते दाखवायचेच नव्हते. स्नायू कधी दिसतो? आपण जोर लावतो तेव्हा. श्वास आत घेऊन सहज रोखा आणि खांदे सैल सोडा. छाती भरते, पोट मऊ राहतं, गळपट्टीची हाडं बुजतात. सारनाथच्या बुद्धाचं शरीर नेमकं तसं आहे, वाऱ्याने हलकं भरलेल्या भात्यासारखं. बलाचा बोधिसत्त्व ताकदीने उभा आहे, हा बुद्ध श्वासाने बसला आहे. माझ्या मते चारशे वर्षांत बदललं ते हे. 'बळ कुठे असतं' याचं उत्तर दंडातून छातीच्या आत सरकलं.

शाडूमाती

@मंदश्वास, आत्ता वाचता वाचता श्वास रोखून बघितला. खरंच गळपट्टी बुजते. उद्या कारखान्यात पोरांना करून दाखवतो.

नेपल्सहून

कामानिमित्त गेली तीन वर्षं इटलीत आहे. इथल्या पुरातत्त्व संग्रहालयात तुमच्या कार्ल्याच्या भिंतीसारखीच एक गोष्ट आहे, ती सांगायला लिहितोय.

पॉम्पेईत सापडलेला भालाधारी तरुणाचा संगमरवरी पुतळा इथे आहे, दोन मीटरहून उंच. मूळ मूर्ती इसवी सनपूर्व पाचव्या शतकात पॉलिक्लायटस या ग्रीक शिल्पकाराने काशात ओतली होती. ती नाहीशी झाली, ही रोमन नक्कल. एका पायावर भार, दुसरा सैल, त्यामुळे कंबर एकीकडे झुकलेली आणि खांदा दुसरीकडे. पोटाचा प्रत्येक स्नायू वेगळा मोजता येतो. पॉलिक्लायटसने यावर ग्रंथच लिहिला होता, कुठला अवयव कुठल्याच्या किती पट हवा याचा. पुढे शंभरेक वर्षांनी लिसिपस आला आणि त्याने डोकं लहान, अंग सडपातळ केलं, म्हणजे माणूस उंच भासतो. हे आपल्याला थोरल्या प्लिनीने लिहून ठेवलंय. तोच प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गेला. म्हणजे ग्रीकांचाही आदर्श ठरून राहिला नव्हता.

पण खरी गोष्ट पुढेच. त्याच राखेखालून १९३८ मध्ये हस्तिदंताची एक छोटी भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. उंची जेमतेम वीतभर. गळ्यात भरगच्च हार, हातभर बांगड्या, पायात वाळ्यांवर वाळे, कमरेला मेखला. दोन बाजूंना दोन चिमुकल्या दासी. तळाशी खरोष्ठी, म्हणजे वायव्य भारतातल्या जुन्या लिपीतलं अक्षर आहे. ती बघायला वाकलो आणि चटकन कार्ले आठवलं, वाळ्यांमुळेच. त्या पुतळ्यात शरीर म्हणजे कसून तयार केलेलं यंत्र, प्रत्येक भाग सुटा दिसणारं. आणि इथे शरीर म्हणजे भरलेला कलश, कुठे जोड नाही, वर सगळं सोनं. दोन्ही एका गावात, एका दिवशी राखेखाली गेले.

कातळवेडा

@नेपल्सहून, अंगावर काटा आला. तशाच घडणीची हस्तिदंती स्त्री धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडली आहे, तिथल्या संग्रहालयात आहे. जालन्याच्या भोकरदनलाही उत्खननात तशी मूर्ती मिळाली. त्यामुळे पॉम्पेईची ती बाई आपल्याकडूनच गेली असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तेर ते पॉम्पेई, केवढा प्रवास!

तंजावरी

आमचं घराणं तंजावरचं मराठी, घरी आमची वेगळीच मराठी चालते, तेव्हा भाषेत इकडचं-तिकडचं झालं तर समजून घ्या.

आमच्या राजवाड्यात चोळांच्या काशाच्या मूर्तींचं दालन आहे. तिरुवेंकाडूची वृषवाहन शिवाची मूर्ती तिथे आहे, १०११ सालची. शिव नंदीला टेकून उभा, पण नंदी आता नाही, नुसता टेकलेला हात हवेत आहे. एक पाऊल दुसऱ्यापुढून सहज वळवलेलं. लांब मांड्या, सडसडीत कंबर, दंडाला कोपर आहे की नाही असा प्रश्न पडावा. शेजारी पुढच्या वर्षी केलेली पार्वती. मी लहानपणापासून बघतो, आणि मला दर वेळी वाटतं की हा देह मुळात मेणात जन्मला म्हणून असा आहे. आधी मेणाची मूर्ती, वर मातीचं लिंपण, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. बोटाने दाबून केलेला आकार आणि टाकीने खोदून काढलेला आकार एकसारखा कसा होईल? @निवांत यांचं अगदीच चूक नव्हतं.

दुसरं म्हणजे ही मूर्ती मिरवणुकीला निघते. तिला रेशीम, फुलं, दागिने घालतात, लोकांना चेहरा आणि पावलं तेवढी दिसतात. म्हणजे हा सुंदर देह घडवला तो झाकण्यासाठी!

आणि याच परंपरेत कारैक्काल अम्मैयार आहे. शिवभक्त, फार देखणी बाई. तिने देवाकडे मागितलं की माझं हे रूप काढून घे. तिच्या मूर्तीत फासळ्या वर आलेल्या, स्तन ओघळलेले, हातात टाळ, आणि तोंडावर काय आनंद! @रानजाई, तुम्ही विचारलंत ना आदर्श कोणाचा. हा तिचा स्वतःचा. लोक तिलाही फुलं वाहतात.

जुनी पोथी

वा! यावरून लाहोरच्या संग्रहालयातला गांधार शैलीचा उपाशी सिद्धार्थ आठवला. पोट पाठीला लागलेलं, फासळ्यांवरून शिरा धावताहेत. आणि आपल्या वेरूळला २१ नंबरच्या रामेश्वर लेण्यात काल आणि कालीचे सांगाडे आहेत. त्याच लेण्याच्या दर्शनी भागात मकरावर उभी असलेली गंगा, अख्ख्या वेरूळमधल्या सर्वांत डौलदार बायकांपैकी एक. दारात गंगा, आत सांगाडा. 'अमुक काळाचा आदर्श अमुक' असं एका ओळीत कुणी सांगायला लागलं की मला ते लेणं आठवतं.

निवांत

धागा वाचनखूण म्हणून साठवला. @तंजावरी यांचे विशेष आभार, माझा दगड अर्धा का होईना तरला.

मावळवाट

तुमचे सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. तिला सोनार कान्हदास आणि अम्मैयार फार आवडले. काल परत गेलो, या वेळी मुद्दाम सकाळी लवकर, ऊन ओसरीत तिरपं येतं तेव्हा.

@मंदश्वास यांनी सांगितलेलं डोक्यात ठेवून बुद्धाकडे पाहिलं. त्याच्या छातीवर ऊन कुठेच अडत नाही, सरळ घरंगळत खाली येतं. जोडप्यांवर मात्र ते जागोजाग अडतं, वाळ्यांवर, मेखलेवर, पागोट्याच्या गाठीवर. आणखी एक गोष्ट. बुद्ध कोरणाऱ्यांनी जुनी वेदिकेची, म्हणजे कठड्याची नक्षी काही ठिकाणी काढून जागा केली आहे, पण जोडपी तशीच ठेवली. नवा देह आला म्हणून जुन्याला त्यांनी टाकी लावली नाही. हातात टाकी होती, लावता आली असती.

हे मी आईला सांगायला वळले. पायऱ्या चढून आल्यामुळे ती दमली होती. एका पायावर भार देऊन, दुसरा गुडघा सैल सोडून, कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या मागे भिंतीवरची बाईही तशीच उभी.